माझ्या मागच्या फळीला वीस घोडे

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. हे वाक्य किती साधं वाटतं ना? पण आमच्या धक्क्यावर ते वर्षानुवर्षं कोणी उच्चारलंच नाही. त्यापायी माझी चारचौघांत जी शोभा झाली, ती आज तुम्हाला सांगणार आहे. सांगताना मला लाज वाटते. वाटू दे. न सांगता वाटायची ती याहून वाईट होती.

माझा जन्म तळ्याकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवणारा सुतार तोंडात खिळे धरून काम करायचा, त्यामुळे त्याला बोलायची सोयच नव्हती. फळीला फळी जोडायची, मधल्या फटीत डांबरात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा आणि मग तळहात फिरवून बघायचं, असं त्याचं काम महिनोन् महिने चाललं. सर्वांत जाड फळी त्यानं माझ्या पाठीमागे उभी लावली. माझ्यासारख्या होडीची मोटर पोटात नसते, मित्रांनो. ती मागच्या फळीवर बाहेरच्या बाजूला टांगलेली असते आणि तिथूनच होडीला पुढे ढकलते. म्हणजे मोटरीचा भार त्या फळीवर, आणि जोरही त्याच फळीवर. तेवढी एक फळी लावताना सुतारानं तोंडातले खिळे काढले आणि म्हणाला, "हिला जप रे बाबा."

हे तो आबांना म्हणाला. मला बनवून घेतलं ते आबांनी. तळ्याच्या अलीकडे वस्ती, पलीकडे बाजार, शाळा आणि कपडे शिवण्याचा कारखाना. रस्त्यानं जायचं तर सगळ्या तळ्याला वळसा पडतो. आबा माणसांना माझ्यातून पलीकडे नेत. माझी पहिली मोटर आठ घोड्यांची होती. मोटरीची ताकद घोड्यांत मोजतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अंगानं ती हलकी. आबा तिला खांद्यावर टाकून घरी नेत. चालू होताना खोकायची, म्हणून तिचं नाव पडलं खोकाबाई. माझं आणि तिचं छान जमलं. धक्क्यावर नवं माणूस आलं की जुनी माणसं त्याला सांगत, "आबांच्या होडीत बस, झोप लागेल." तेव्हा मला मोठा अभिमान वाटे.

आबांचा एक नियम होता. होडीत बसून होडीला नावं ठेवायची नाहीत. "जिच्या भरवशावर पाण्यात आहोत, तिला बोल कसला लावता? काय सांगायचं ते जमिनीवर उतरून सांगा, मी ऐकतो," असं ते म्हणत. नियम वाईट नव्हता. पाण्यात भांडण नको, घाबरगुंडी नको, एवढाच त्याचा हेतू. पण लोकांनी पहिला अर्धा पाठ केला आणि दुसरा सोयीनं विसरून टाकला.

आबा गेले आणि त्यांचा मुलगा मला चालवू लागला. सगळा धक्का त्याला दादा म्हणतो, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्याची बायको सगळ्यांची वहिनी. ती पलीकडच्या कारखान्यात शिवणकाम करते, म्हणून रोज सकाळी माझ्यातूनच जाते. तिची जागा ठरलेली, अगदी मागे, दादाच्या शेजारी. पायाशी पत्र्याचा एक डबा. कारण एव्हाना मी गळू लागले होते.

आधी थोडं, मग बरंच. पाणी नेमकं मागच्या फळीच्या कोपऱ्यातून यायचं. वहिनी डब्यानं उपसून बाहेर टाकायची आणि बोलणं मात्र कारखान्याचं करायची. शाळेतले सर हळूच बूट उचलून दप्तरावर ठेवायचे. पाववाला टोपली मांडीवर घ्यायचा आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचा. घरात पाहुणे यावेत, छत गळत असावं, आणि पाहुण्यांनी मुकाट्यानं खुर्ची सरकवून घ्यावी, तसं ते होतं. कोणीतरी एकदा तरी म्हणावं, "अहो, पाय भिजले माझे!" असं मला फार वाटे. कोणी म्हणत नसे. सगळी भली माणसं. त्यांच्या भलेपणानंच मी शरमेनं अर्धी होत असे.

मग एका सकाळी दादानं दोरी ओढली आणि खोकाबाई खोकली नाही. पुन्हा ओढली, पुन्हा नाही. तिचे सुटे भाग बनणं कधीच बंद झालं होतं. आता नवी मोटर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

इथे दादाच्या मेव्हण्याचा विषय आला. हा वहिनीचा धाकटा सख्खा भाऊ. त्यानं नुकतीच लाल रंगाची फायबरची होडी आणली होती, मागे भलीमोठी मोटर. ती अशी सुसाट जायची की तिच्या लाटांनी मी धक्क्याला बांधल्या जागी डोलायची. "भाऊजी, चहा ठेवा, मी जाऊन आलोच," असं तो ओरडायचा. थट्टाच ती, पण दादाला झोंबायची. दोन-चार माणसं तिकडे जाऊ लागली होती.

दादानं मनाशी ठरवलं, मोटर घ्यायची तर मोठी. आणि मोठी मोटर घेण्याआधी त्यानं मला रंग द्यायला काढलं. मागच्या फळीच्या कोपऱ्यात त्याचं बोट जरा आत गेलं. तो थांबला. त्यानं बोट नाकाशी नेलं. कुजलेल्या लाकडाचा वास ओळखता येत नाही असा नावाडी नसतो, मित्रांनो. मला वाटलं, आता बघेल, आता काहीतरी करेल. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पुट्टी आणली, दाबून भरली आणि वरून निळ्या रंगाचे जाड हात मारले. त्या रंगात मी अशी काही चकाकले की येणारे-जाणारे थांबून म्हणत, "वा, नवीन घेतली?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दादा वल्ही मारत मला एकटाच पलीकडे घेऊन गेला. मोटरींचं दुकान पलीकडच्या धक्क्यालाच लागून आहे. ते एक बाई चालवतात. सगळे त्यांना मोटरवाल्या बाई म्हणतात. दार उघडं होतं आणि मी दारासमोरच बांधलेली, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"फळीची उंची?" बाईंनी विचारलं. दादानं खिशातून सुतळी काढली. उंची त्यानं सुतळीवर गाठ मारून बरोबर आणली होती. मोटरीचा पाय आखूड हवा की लांब, हे त्या उंचीवर ठरतं. "जाडी?" तीही आणली होती. सगळं कसं चोख मोजलेलं.

"होडी लाकडी ना? किती वर्षांची?"

"लाकूड कसलं आहे ते विचारा बाई, वर्षं काय विचारता!"

"आणि फळी कशी आहे?"

"दगड आहे दगड!" दादा म्हणाला.

बाई चष्मा डोक्यावर चढवून म्हणाल्या, "दादा, हल्लीच्या मोटरी जुन्यांपेक्षा जड असतात. घोडे तेवढेच ठेवले तरी वजन वाढतं. तुम्ही तर वीस म्हणताय. थांबा, मी एकदा बघते." आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या.

दादा पटकन आडवा आला. "कशाला उगाच! कालच रंग दिलाय, ओला आहे. हात खराब होतील तुमचे."

बाई तिसऱ्या पायरीवर थांबल्या. त्यांनी लांबूनच मला पाहिलं. मी ऊन खात चमकत होते. त्या क्षणी मला पाण्याखाली जावंसं वाटलं. होडीनं असं म्हणू नये, पण वाटलं खरं.

"बरं," बाई म्हणाल्या. "आठवडाभर चालवून बघा. नाही पटली तर बदलून देईन. पण मनाशी खोटं बोलू नका."

अशी वीस घोड्यांची मोटर माझ्या मागच्या फळीवर येऊन बसली. दोघांनी उचलून बसवली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तेच. माझं मागचं अंग पाण्यात बसलं आणि नाक आभाळाकडे गेलं. शेजारी स्वतः दादा, त्याच्याजवळ वहिनी, इंधनाची टाकीही मागेच. मग नाक खाली यावं म्हणून दादानं माझ्या पुढच्या भागात गोणपाटात दगड भरून ठेवले. उभ्या जन्मात मी माणसं वाहिली, पाव वाहिले, एकदा एक शिवणयंत्र वाहिलं. म्हातारपणी दगड वाहायची वेळ आली.

"दादा, हिला दिवस गेलेत काय?" पाववाला म्हणाला. सगळे हसले. दादाही हसला, पण त्यानं दगडांवर लगेच ताडपत्री टाकली.

वेग मात्र आला. खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी दादानं मेव्हण्याची लाल होडी मागे टाकली आणि लहान मुलासारखा ओरडला. त्याचा तो चेहरा मी आबांच्या काळानंतर पहिल्यांदा पाहिला. आणि त्याच वेळी माझी मागची फळी आतून करकरत होती. त्याच्या आनंदात मला एकटीलाच ती करकर ऐकू येत होती, हे दुःख कोणाला सांगू?

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा होता. बायका कारखान्याला निघालेल्या, सर, पाववाला, सगळी मिळून अकरा माणसं आणि दादा. तळ्याच्या मध्यावर लाटा अंगावर येऊ लागल्या. दादानं वेग वाढवला. वहिनी पाणी उपसत होती. ती उपसायची आणि पाणी तेवढंच राहायचं. मग तिचं लक्ष फळीकडे गेलं. दादानं वेग वाढवला की मोटरीखाली फळी मागेपुढे व्हायची आणि कोपऱ्यात बोटभर फट पडायची. वेग कमी केला की मिटायची.

वहिनीनं डबा खाली ठेवला. केसांतला आकडा काढला आणि निळ्या रंगावर टेकवून हलकेच दाबला. उकडलेल्या बटाट्यात जावा तसा तो आत गेला, अगदी वाकापर्यंत.

तिनं दादाकडे पाहिलं. दादानंही आकडा पाहिला होता. त्यानं मान वळवली आणि लांब किनाऱ्याकडे बघत म्हणाला, "पाणी उपस."

होडीत बसून होडीला नावं ठेवायची नाहीत, हे तिच्याही अंगात मुरलेलं. तिनं फक्त मोटरीच्या दांडीवर, त्याच्या हातावर, आपला हात ठेवला आणि मूठ हळूहळू मागे फिरवली. वेग उतरला. दादानं हात सोडवून घेतला नाही. असे ते दोघं एका मुठीवर दोन हात ठेवून बसले आणि मी गोगलगायीसारखी पलीकडे निघाले.

"काय हो, घोडे चरायला सोडले का?" पाववाल्यानं विचारलं. मला तेव्हा एकच धास्ती होती. फळी सुटली तर मोटर तळाशी जाईल, मागून पाणी भसकन आत येईल, आणि ह्यातल्या निम्म्या बायकांना पोहता येत नाही.

धक्का आला. वहिनी सर्वांत आधी उतरली. एकेकाचा हात धरून तिनं सगळ्यांना उतरवून घेतलं. आणि मग पायरीवर उभी राहून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाली, "आता मी जमिनीवर आहे. आता बोलते. ह्या होडीची मागची फळी कुजली आहे. परतीला मी हिच्यात बसणार नाही. आणि तुमच्यापैकी कोणी बसलं, तर दंडाला धरून उतरवीन."

"घरी बोलू," दादा खालच्या आवाजात म्हणाला.

"घरी आपण दोघंच असतो. बुडणार होते बारा जण."

"आबांची होडी आहे ती! चारचौघांत तिची लाज काढलीस."

"तिची कुठे काढली?" वहिनी म्हणाली. बोलून गेली आणि लगेच तिचे डोळे भरले. तिला हे बोलायचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

सर घसा खाकरून म्हणाले, "माझे बूट गेल्या वर्षापासून भिजतायत, खरं सांगायचं तर."

"माझे तर खालचे पाव रोज ओले," पाववाला म्हणाला. "तेवढे आम्हीच घरी खातो."

"अहो, मग सांगितलं का नाहीत?" दादा कळवळून म्हणाला.

"होडीत बसून कसं सांगणार, दादा?"

"आणि उतरल्यावर?"

पाववाल्यानं मान खाली घातली. "उतरल्यावर घाई असते हो."

मित्रांनो, पाहिलंत? कोणी वाईट नव्हतं. एकानं झाकलं, बाकीच्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि त्याला सगळेच माझ्यावरचं प्रेम म्हणत होते. असलं प्रेम एक दिवस डझनभर माणसं बुडवतं.

गलका ऐकून मोटरवाल्या बाई हातात छोटी हातोडी घेऊन आल्या. ह्या वेळी दादा आडवा आला नाही. त्यांनी माझ्या फळीवर ठोकलं. ठक, ठक, ठक. मग कोपऱ्यात ठोकलं, तसा ओल्या पुठ्ठ्यासारखा थप् असा आवाज आला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. माझं उभं आयुष्य ज्या माणसांनी मला वाखाणलं, त्यांच्यासमोर माझ्या अंगातून तो आवाज निघाला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

दादा पायरीवर मटकन बसला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "रंग देताना बोट आत गेलं होतं माझं. वाटलं, म्हातारी झाली असं एकदा तोंडातून गेलं, की सगळे लाल होडीत जातील. झाकली मूठ बरी, असं वाटलं." आणि बायकोकडे वर न बघताच पुढे म्हणाला, "तू रोज इथंच बसतेस, ह्याच फळीला टेकून. हेसुद्धा मी मनात येऊ दिलं नाही." एवढं बोलून तो रडला. मोठी माणसं रडताना कुठे बघावं हे कोणाला कळत नाही. सर आपल्या बुटांकडे बघत राहिले.

मोटर उतरवली. मला ओढून काठावर घेतलं आणि पालथी घातली. कारखान्याच्या वाटेवरच मी तशी पडून होते. येणारे-जाणारे माझा तळ बघत. पण खरं सांगू? त्या दिवसांतली एक गोष्ट मी विसरणार नाही. दादानं वहिनीकडून तो आकडा मागून घेतला आणि एका हातानं माझी एकेक फळी चाचपत, दुसऱ्या हातानं ठिकठिकाणी टोचून पाहिली. जिथे आकडा शिरला तिथे खडूनं फुली मारली. मला दुखलं नाही. कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझी विचारपूस करतंय, असं वाटलं.

फुल्यांच्या जागा दुरुस्त झाल्या, मागची फळी तर सगळीच नवी झाली. मग पुन्हा मोटरीचा प्रश्न आला.

"निदान आठ घोड्यांची तरी?" दादा म्हणाला.

"आजची आठ घोड्यांची तुमच्या खोकाबाईपेक्षा जड," बाई म्हणाल्या. "मागची फळी नवी असली, तरी ती ज्यांना धरून उभी आहे त्या बाजूच्या फळ्या आबांच्याच. सहाची घ्या. वजन खोकाबाईएवढंच आहे. आणि माणसं तुमच्याशिवाय सहा. सातवं नाही."

"सहा घोडे? अहो, पलीकडे पोचेपर्यंत सर निवृत्त होतील!"

"पोचतील तरी," बाई म्हणाल्या.

दादानं बराच वेळ त्या छोट्या मोटरीकडे पाहिलं. मग तिला उचलून खांद्यावर टाकलं. एकट्यानं.

पहिल्या सकाळी धक्क्यावर नेहमीची माणसं उभी होती. मी पाण्यात, नाक सरळ, पोटात दगड नाहीत. बाजूला लाल होडी बांधलेली. मेव्हणा गंमत बघत होता. दादा उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी होडी जुनी आहे. सावकाश जाते. सहाच माणसं बसतील."

मला वाटलं, आता सगळे लाल होडीकडे वळतील. दोघी-तिघी वळल्याही. पण सर पुढे आले, पाववाला आला, कारखान्यातल्या चार बायका आल्या. सहा झाले. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की वहिनी अजून पायरीवरच आहे.

दादानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पाववाला उठू लागला. "वहिनी, तुम्ही बसा, मी जातो—"

"बसा हो," ती म्हणाली. "सहा म्हणजे सहा." आणि पदराला हात पुसून ती सरळ आपल्या भावाच्या होडीत जाऊन बसली. मेव्हण्याच्या ओठांवर काहीतरी चमचमीत आलं असणार. त्यानं बहिणीचं तोंड पाहिलं आणि ते गिळलं. "ये ताई," एवढंच म्हणून तिच्यासाठी जागा केली.

त्या सकाळी मला जी लाज वाटली, तिच्यापुढे आधीची सगळी फिकी. माझ्या मालकाची बायको, जिनं माझ्यातल्या बारा जणांचा जीव वाचवला, तिलाच माझ्यात जागा नाही. दादा मोटर चालवत होता आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. लाल होडी केव्हाच दिसेनाशी झाली. आम्ही सहा घोड्यांवर रमतगमत निघालो.

पलीकडे पोचलो तर वहिनी कारखान्यात गेली नव्हती. ती पाण्यातल्या शेवटच्या पायरीवर उभी होती. दादानं दोर फेकला, तो तिनं झेलला आणि कडीला बांधला. मग ती वाकली आणि तिनं माझ्या नव्या फळीचे दोन्ही कोपरे अंगठ्यानं दाबून पाहिले. कौतुक नाही, शाबासकी नाही. नुसते दाबून पाहिले आणि दादाला म्हणाली, "कोरडे आहेत." मग कामाला गेली. तेव्हापासून ती रोज तसंच करते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूस असेल. त्यांना "तुम्हाला काय धाड भरलीय!" असं म्हणून पुढे जाऊ नका. आम्हाला ते ऐकायला गोड लागतं आणि आम्ही दुखणं अंगावर काढतो. माझी एवढीच विनवणी आहे. रोज घटकाभर थांबा, आणि जिथे आमच्यावर भार पडतो तिथे अंगठा दाबून बघा.